इंदूरमध्ये सीए फाउंडेशनची तयारी : नोंदणीपासून उत्तरपत्रिकेपर्यंत

बारावीचा निकाल लागला की सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर इकडच्या मराठी घरांतून हमखास दोन प्रश्न येतात. सीएसाठी क्लास कुठला लावावा, आणि खर्च किती येईल? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याही आधीचा प्रश्न तारखेचा असतो, आणि निकाल हातात पडेपर्यंत एक तारीख बहुधा निघून गेलेली असते.

हा लेख फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, पहिल्यांदाच बसणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, त्यांच्या आईबाबांनीही वाचावा. माझं एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ही परीक्षा लेक्चर ऐकून सुटत नाही, लिहून सुटते. मुलं चार-चार महिने लेक्चर बघतात आणि सलग तीन तास लिहायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा येते ती थेट परीक्षेच्या हॉलमध्ये. तिथे मग हात दुखतो, पेपर सुटतो आणि घरी येऊन सांगितलं जातं, ‘येत होतं सगळं, वेळ पुरला नाही.’

तारीख आधी, क्लास नंतर

फाउंडेशनची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते : जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. परीक्षेच्या आधी इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सीएच्या परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयमध्ये, नाव नोंदवून चार महिने झालेले असावे लागतात. हिशेब सरळ आहे. मे-जूनला बसायचं तर १ जानेवारीपर्यंत नोंदणी हवी, सप्टेंबरसाठी १ मेपर्यंत, जानेवारीसाठी १ सप्टेंबरपर्यंत.

गोम इथेच आहे. मध्य प्रदेश बोर्ड असो की सीबीएसई, बारावीचे पेपर फेब्रुवारीत सुरू होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. निकालाची वाट बघत राहिलात तर १ जानेवारी तर गेलेलीच असते, १ मेसुद्धा निसटू शकते, आणि मग गाडी पुढच्या जानेवारीवर जाते. दहावी पास झालेल्याला तात्पुरती नोंदणी करता येते, परीक्षेला मात्र बारावीनंतरच बसता येतं. तेव्हा बारावीच्या वर्षात, दिवाळीच्या सुट्टीत, नोंदणी उरकून टाका. नोंदणी केली म्हणजे मे-जूनला बसलंच पाहिजे असं नाही. दार उघडं राहतं, एवढंच.

मे-जूनला बसावं का, हा वेगळा प्रश्न. बारावी कॉमर्स असेल आणि अकाउंट्स मनापासून केलं असेल तर जरूर बसा. सायन्सवाल्याने सप्टेंबर धरावा. बोर्डाचे पेपर संपल्यावर दोन-अडीच महिन्यांत जमाखर्च पहिल्यापासून शिकून तो परीक्षेत वेळेत लिहिणं फार थोड्यांना जमतं.

आणखी एक. नोंदणी आणि परीक्षेचा फॉर्म या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंदणी एकदाच होते, परीक्षेचा फॉर्म प्रत्येक अटेम्प्टला वेगळा भरावा लागतो आणि त्याची मुदत परीक्षेच्या काही आठवडे आधीच संपते. ‘आम्ही तर पैसे भरले होते’ असं म्हणणारं एक तरी घर दर अटेम्प्टला भेटतंच.

नाव, कागद आणि माध्यम

नोंदणी ऑनलाइन होते. दहावीची गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, सही, बारावीचं प्रवेशपत्र किंवा गुणपत्रिका हाताशी ठेवा. मराठी घरांत एक ठरलेला घोळ असतो : आधार कार्डावर मधे वडिलांचं नाव, आणि इथल्या शाळेच्या गुणपत्रिकेवर फक्त नाव-आडनाव. शिवाय आडनावाचं स्पेलिंग हिंदी उच्चाराप्रमाणे झालेलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे आहे तेच नाव धरा आणि बाकीचे कागद नोंदणीआधी त्याच्याशी जुळवून घ्या. हेच नाव पुढे सगळ्या गुणपत्रिकांवर आणि शेवटी मेंबरशिपवर येणार आहे. इंदूरची शाखा इन्स्टिट्यूटच्या मध्य भारत प्रादेशिक परिषदेखाली येते. कागदात काही अडलं तर शाखेत जाऊन विचारलेलं बरं, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

माध्यम दोनच आहेत, इंग्रजी आणि हिंदी. मराठीतून पेपर लिहिता येत नाही. आपली मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी आणि शाळेत अर्धवट इंग्रजी, त्यामुळे हा निर्णय बरेच दिवस टांगून ठेवला जातो. शाळा हिंदी माध्यमाची असेल तर हिंदी घ्यायला काहीच हरकत नाही, त्यात कमीपणा तर अजिबात नाही. मात्र पुढे ऑफिसात कंपन्यांचे ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट, नोटिसा, सगळं इंग्रजीत हाताळावं लागतं. म्हणून जेमतेम इंग्रजी येत असलं तरी मी इंग्रजीच घ्यायला सांगतो. कायद्याच्या पेपरला लागणारं इंग्रजी ठरावीक साच्यातलं असतं आणि ते दोन महिन्यांत हातात बसतं. काय करायचं ते करा, पण पहिल्या आठवड्यात ठरवा.

पुढची वाट थोडक्यात

फाउंडेशननंतर इंटर : सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. दोन्ही ग्रुप सुटले की आयटी आणि ओरिएंटेशनचं प्रशिक्षण, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, मग फायनल. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनाची दोन वर्षं झाली. घरातले सीए झालेले काका-मामा त्यांच्या काळचे नियम सांगतील. प्रेमाने ऐका आणि इन्स्टिट्यूटच्या साइटवर ताडून बघा.

ज्यांचं ग्रॅज्युएशन झालंय त्यांना फाउंडेशनची गरजच नाही. कॉमर्समध्ये ५५ टक्के किंवा इतर शाखेत ६० टक्के असतील तर थेट इंटरला नोंदणी होते. आणि कारखान्यातल्या हिशेबात, म्हणजे वस्तू बनवायला नेमका किती खर्च आला यात, रस असेल तर सीएमएचाही विचार करा. इंदूरच्या पोराला पीथमपूर आणि देवास ही कारखान्यांची गावं शेजारीच आहेत. सीएमएची संस्था वेगळी, तिच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. एसीसीए ही ब्रिटिश परीक्षा आहे. परदेशी कंपन्यांच्या कामाला ती चालते, पण तेवढ्यावर भारतात ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही, हे फी भरण्याआधी समजून घ्यावं.

चार पेपर आणि पास होण्याचा हिशेब

पहिला पेपर अकाउंटिंग, दुसरा बिझनेस लॉज. हे दोन्ही लेखी, प्रत्येकी १०० गुण, तीन तास. तिसरा क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड, त्यात ४० गुण गणित, २० लॉजिकल रीझनिंग आणि ४० स्टॅटिस्टिक्स. चौथा बिझनेस इकॉनॉमिक्स. हे दोन्ही पर्यायी उत्तरांचे, प्रत्येकी १०० गुण, दोन तास, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो.

पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० तर हवेतच, शिवाय चारींची बेरीज २०० हवी. दोन्ही अटी एकाच बैठकीत पूर्ण व्हाव्या लागतात. ६२, ५८, ३८ आणि ५५ मिळवणारा मुलगा २१३ गुण घेऊन नापास होतो, कारण मधे ३८ आहेत. ४५, ४३, ५२ आणि ५६ मिळवणारी मुलगी कुठेच अडली नाही, पण बेरीज १९६ होते आणि चार गुणांनी तीही राहते. फाउंडेशनमध्ये सुटलेला पेपर पुढच्या खेपेला राखून ठेवता येत नाही, चारही पुन्हा द्यावे लागतात. इंटरमध्ये ६० गुणांवर एक्झम्प्शन मिळतं, इथे ती सोय नाही.

यातून एक गोष्ट निघते. आवडता पेपर आणि नावडता पेपर असे लाड परवडत नाहीत. नावडत्याला ४५ च्या वर आणि आवडत्याला ६० च्या वर न्या. सायन्सवाल्याने क्वांटमध्ये ७० ठेवले तर लॉमधली तूट भरून निघते. कॉमर्सवाल्याचं नेमकं उलटं.

पुस्तकं

इन्स्टिट्यूटचं स्वतःचं स्टडी मटेरियल, ज्याला सगळे मॉड्यूल म्हणतात, ते साइटवर फुकट मिळतं. प्रश्न त्यातूनच, त्याच भाषेत येतात. क्लासच्या नोट्स मॉड्यूल समजायला घ्याव्यात, त्याऐवजी घेऊ नयेत.

खजुरी बाजारात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात आणि मी ती घ्यायला सांगतो, फक्त एक खबरदारी ठेवा. चौथ्या पेपरच्या पुस्तकावर ‘बिझनेस अँड कमर्शियल नॉलेज’ दिसलं, किंवा लॉच्या पुस्तकात पत्रलेखन आणि रिपोर्ट लिहायचे धडे असले, तर पुस्तक जुन्या योजनेचं आहे, तिथेच ठेवून या. नव्या योजनेत हे दोन्ही वगळलं आणि लॉमध्ये १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, म्हणजे चेक-हुंडीचा कायदा, आला. शिवाय कुठल्या अटेम्प्टला काय लागू ते इन्स्टिट्यूट आधी जाहीर करते, ती एका पानाची यादी छापून भिंतीवर लावा.

क्लास

इंदूर हे क्लासचं शहर आहे. भंवरकुआला उभं राहिलं की डोळ्यासमोर फक्त होर्डिंग, प्रत्येकावर टॉपरचे फोटो. फोटो बघून क्लास ठरवू नका. जाऊन चार गोष्टी विचारा. परीक्षेच्या किती आठवडे आधी सिलॅबस संपतो? सहा आठवड्यांहून कमी सांगितले तर दुसरीकडे बघा. पूर्ण तीन तासांच्या लेखी टेस्ट किती होतात? कॉपी, म्हणजे उत्तरपत्रिका, कोण तपासतं? आणि तपासलेली एखादी कॉपी दाखवा. या शेवटच्या मागणीवर खरं काय ते कळतं. कॉपीवर नुसते बरोबरचे टिक आणि खाली आकडा असेल तर ती तपासणी कामाची नाही. ‘प्रोव्हिजन अर्धीच लिहिली’, ‘वर्किंग नोट कुठे?’ असे शेरे दिसले तर फी देण्यासारखी आहे.

ऑनलाइन घ्यायचं असेल तरी हरकत नाही. राजेंद्रनगरहून गीता भवनपर्यंत रोज जायचं-यायचं तर दीड तास असाच जातो, तो वाचतो. धोका वेगळा आहे. दुप्पट वेगाने लेक्चर लावलं की पडद्यावर सरांचं पेन चालतं, आपलं चालत नाही, आणि संध्याकाळी ‘आज तीन चॅप्टर झाले’ असं वाटतं. एक तास लेक्चर तर दीड तास स्वतः सोडवणं, हा हिशेब मोडायचा नाही. घरात बसणं होत नसेल तर अहिल्या केंद्रीय पुस्तकालयात बसा, किंवा महिन्याच्या भाड्याने खुर्ची देणाऱ्या लायब्ऱ्या हल्ली जागोजागी झाल्यात.

मोफत क्लासही आहेत. इन्स्टिट्यूट स्वतः ऑनलाइन वर्ग घेते. त्याबद्दल इंदुरात फारसं कुणी बोलत नाही, कारण त्यात कुणाचा धंदा नाही.

अकाउंटिंग

या पेपरात शेवटचं उत्तर चुकलं तरी गुण मिळतात, फक्त तपासणाऱ्याला तुम्ही कसे तिथवर पोचलात ते दिसायला हवं. म्हणून वर्किंग नोट्स. घसारा कसा काढला, गुडविल कसं वाटलं, किती शेअर जप्त झाले, हे मुख्य उत्तराच्या खाली नंबर देऊन लिहायचं. रफ पानावर करून नुसता आकडा आणून टाकलात आणि आकडा चुकला, तर त्या जागेचे सगळे गुण गेले.

बॅलन्स शीट जुळली नाही की मुलं घाबरतात आणि वीस मिनिटं तिथेच घालवतात. त्यापेक्षा फरकाकडे बघा. फरकाला ९ ने भाग जातो का? ५,४०० चा चेक कुठेतरी ४,५०० लिहिला गेला तर फरक येतो ९००. शेजारशेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. नाही गेला, तर फरकाचं निम्मं करा. फरक १,२५० असेल तर ६२५ ची एखादी रक्कम डेबिटऐवजी क्रेडिटला गेली आहे का ते शोधा. ऑफिसात बसणारे मुनीम पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. एवढ्यात सापडलं तर उत्तम, तीन मिनिटांत नाही सापडलं तर पुढच्या प्रश्नाला लागा. न जुळलेल्या बॅलन्स शीटलाही गुण मिळतात, न लिहिलेल्या प्रश्नाला मिळत नाहीत.

कंपनी अकाउंट्स आणि पार्टनरशिपला सगळ्यात जास्त वेळ द्या. बँक रिकन्सिलिएशन, घसारा, बिल्स ऑफ एक्स्चेंज हे छोटे धडे आहेत आणि हातचे गुण देतात. अपुऱ्या नोंदींवरून हिशेब बांधायचा धडा बऱ्याच जणांना जड जातो, तो मुद्दाम पहिल्या महिन्यात घ्या, शेवटी ठेवला तर राहतोच.

बिझनेस लॉज

इथे सर्वांत जास्त गुण हकनाक जातात, म्हणून जरा थांबून बघू. समजा प्रश्न असा आहे : राहुल १७ वर्षांचा. त्याने जेलरोडवरच्या दुकानातून वय १९ सांगून २५,००० चा मोबाइल उधारीवर घेतला. पैसे दिले नाहीत. दुकानदाराला त्याच्याकडून वसूल करता येतील का?

बहुतेक नवखी मुलं लिहितात, ‘नाही, कारण राहुल अज्ञान आहे.’ अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालचा. उत्तर बरोबर आहे, गुण मात्र एखाद-दुसराच. त्यांनी काय लिहायला हवं होतं?

आधी कायदा. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११ : करार करायला माणूस सज्ञान हवा, मन ठिकाणावर असलेला हवा आणि कुठल्या कायद्याने अपात्र ठरवलेला नसावा. अज्ञानाशी केलेला करार सुरुवातीपासूनच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात १९०३ मध्ये ठरवलं. वय खोटं सांगितलं म्हणून अज्ञान माणूस करारात बांधला जात नाही. कलम ६८ प्रमाणे जीवनावश्यक गोष्टी पुरवल्या असतील तर त्यांची किंमत त्याच्या मालमत्तेतून मिळू शकते, त्याच्याकडून व्यक्तिशः नाही.

मग प्रश्नातली हकीकत. राहुल १७ वर्षांचा म्हणजे अज्ञान. त्याने वय खोटं सांगितलं, तरी वरच्या नियमाने फरक पडत नाही. हा मोबाइल जीवनावश्यक वस्तूत बसेल असं प्रश्नात काही दिलेलं नाही.

आणि मग निष्कर्ष, एका ओळीत : दुकानदार राहुलवर दावा लावून २५,००० वसूल करू शकत नाही. मोबाइल अजून त्याच्याकडे असेल तर तो परत द्यायला कोर्ट सांगू शकतं, हे जोडलंत तर तपासणाऱ्याला कळतं की मुलाने नीट अभ्यास केला आहे.

तीन परिच्छेद, मधे एक-एक ओळ मोकळी. प्रत्येक हकीकतीच्या प्रश्नाला हाच साचा. कलमाचा नंबर खात्रीने आठवत असेल तरच लिहा. चुकीचा नंबर लिहिण्यापेक्षा ‘करार कायद्यातील तरतुदीनुसार’ एवढं पुरे. वाक्यं मात्र कायद्याच्या भाषेतली हवीत, त्यासाठी महत्त्वाच्या व्याख्या पाठ कराव्याच लागतील. घोकंपट्टीला नावं ठेवायची फॅशन आहे, पण लॉमध्ये तिला पर्याय नाही.

करार कायदा सगळ्यात मोठा आणि पहिला. त्याच्यावरच १९३० चा मालविक्री कायदा आणि १९३२ चा भागीदारी कायदा उभे आहेत, म्हणून क्रम बदलू नका.

क्वांट आणि इकॉनॉमिक्स

शंभर प्रश्न, एकशेवीस मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. लॉजिकल रीझनिंगचे वीस आधी सोडवा, ते भराभर होतात आणि जीव थंड होतो. मग स्टॅटिस्टिक्स, शेवटी गणित.

पाव गुण कापला जातो म्हणून घाबरून वीस-पंचवीस प्रश्न कोरे सोडणारे असतात, आणि सगळंच ठोकून देणारेही असतात. हिशेब करून बघा. डोळे मिटून १६ उत्तरं ठोकली तर सरासरीने चार बरोबर येतील, बारा चुकतील. चारातून तीन वजा, हाती एक. म्हणजे आंधळ्या ठोकाठोकीत बुडत नाही, पण फारसं कमावतही नाही, आणि नशीब फिरलं तर चार गुण खाली. आता प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळतंय असं धरा. १६ पैकी आठ बरोबर, आठ चूक, आठातून दोन वजा, हाती सहा. तेव्हा नियम असा : दोन पर्याय बाद करता आले तर खूण करा, एकही बाद होत नसेल तर सोडून द्या.

व्याजाचे आणि अ‍ॅन्युइटीचे प्रश्न कॅल्क्युलेटरवर पटकन करायच्या युक्त्या आहेत. बेरजेचं एम-प्लस बटण काय करतं हे ज्याला माहीत नाही त्याची दहा मिनिटं तरी वाया जातात. परीक्षेत साधा, आवाज न करणारा कॅल्क्युलेटर चालतो, बारा आकडी, सहापर्यंत फंक्शन. पहिल्या दिवसापासून तोच वापरा, मोबाइलवर हिशेब करू नका.

इकॉनॉमिक्सला वेगळं काही सांगण्यासारखं नाही. मॉड्यूल दोनदा वाचायचं, धड्यामागचे सगळे प्रश्न सोडवायचे, आकृत्या स्वतः काढून बघायच्या.

सण, दुपार आणि झोप

वेळापत्रक करताना कालनिर्णय शेजारी ठेवा. सप्टेंबर अटेम्प्टच्या तोंडावर गणपती येतात आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या रात्रभर चालतात. जानेवारीवाल्याला नवरात्र आणि दिवाळी. मे-जूनवाल्याला आधी रंगपंचमीची गेर, मग लग्नसराई आणि उकाडा. सण टाळा असं मी म्हणत नाही, आणि म्हटलं तरी राजवाड्याच्या गर्दीतला आवाज घरात बसू देणार नाही. ते दिवस आधीच सुट्टीचे म्हणून लिहून टाका, म्हणजे बॅकलॉग होत नाही. आईबाबांना एक विनंती : त्या चार महिन्यांत आत्या-मावशीकडच्या प्रत्येक साखरपुड्याला पोराला नेलंच पाहिजे असं काही नाही.

फाउंडेशनचे पेपर दुपारी दोनला सुरू होतात. आपण जेवून पंख्याखाली आडवं होतो ती हीच वेळ. रात्री जागून अभ्यास करणाऱ्याचं डोकं दुपारी दोन ते पाच चालत नाही. म्हणून शेवटचे दोन महिने रोज त्याच वेळात सगळ्यात अवघड काम ठेवा : अकाउंट्सचा मोठा प्रश्न किंवा घड्याळ लावून टेस्ट. पहिला आठवडा पेंगाल, मग सवय होते.

संध्याकाळी घरात कुणाला तरी मराठीतून समजावून सांगा. ‘घसारा खर्च धरता, मग पैसे कुणाला दिले?’ असं आजीने विचारलं आणि तिला पटेल असं उत्तर देता आलं, तर तो धडा तुमचा झाला.

शेवटचे सहा आठवडे

नवीन काही वाचायचं नाही. इन्स्टिट्यूट प्रत्येक अटेम्प्टसाठी मॉक टेस्ट पेपर काढते, लेखी पेपरांसाठी आरटीपीही, म्हणजे उजळणीचा रिव्हिजन टेस्ट पेपरही, असतो. आधीच्या परीक्षांची सजेस्टेड उत्तरं साइटवर असतात. सजेस्टेड वाचायची ती उत्तर कळावं म्हणून नाही, किती लिहायचं ते कळावं म्हणून. चार गुणांचं उत्तर केवढं आणि सहाचं केवढं, हे दुसरीकडे कुठेच इतकं स्वच्छ दिसत नाही.

दर लेखी पेपरच्या निदान तीन पूर्ण टेस्ट द्या. तीन तासांत १०० गुण म्हणजे वीस गुणांच्या प्रश्नाला ३६ मिनिटं. ३६ झाली की पेन उचलायचं आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं, अपुरं असेल तर खाली जागा सोडून. कॉपी कुणाकडून तरी तपासून घ्या. क्लास नसेल तर आर्टिकलशिप करणारा ओळखीचा एखादा दादा किंवा ताई गाठा, पोहे-जलेबीवर काम होतं.

परीक्षेचे दिवस

केंद्र आदल्या दिवशी जाऊन बघून या. लेखी पेपरला सुरुवातीची पंधरा मिनिटं फक्त वाचायला मिळतात. त्यात उत्तरं मनात जुळवत बसू नका, पहिला सक्तीचा प्रश्न सोडून कुठला प्रश्न वगळायचा ते ठरवा आणि बाकीच्यांचा क्रम लावा. तिसऱ्या-चौथ्या पेपरला ही पंधरा मिनिटं नसतात. ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, प्रश्नपत्रिकेच्या प्रत्येक पानानंतर गोल भरत जा, सगळे शेवटी भरू म्हणणाऱ्याचा एक प्रश्न सटकला की पुढची रांगच्या रांग चुकते.

पेपर झाला की बाहेर उत्तरं जुळवत उभं राहू नका. मोबाइल बंद, घरी, वरणभात, पुढचा पेपर.

निकालानंतर

राहिलात तर उत्तरपत्रिकेची प्रत ठरावीक फी भरून इन्स्टिट्यूटकडून मागवता येते. लॉ आणि अकाउंट्सची जरूर मागवा. कुठे किती गुण गेले ते त्यावर दिसतं, आणि पुढच्या खेपेचा अभ्यास तिथून सुरू करा.

सुटलात तर पेढे वाटून झाले की लगेच इंटरची नोंदणी. तिथे परीक्षेआधी आठ महिने लागतात. जानेवारीत फाउंडेशन दिली असेल तर १ मेच्या आत नोंदणी करा, म्हणजे पुढच्या जानेवारीत इंटरला बसता येईल. मे-जूनवाल्याने १ सप्टेंबरच्या आत केली तर पुढचा मे मिळतो, सप्टेंबरवाल्याने १ जानेवारीच्या आत केली तर पुढचा सप्टेंबर. कॉलेजचा प्रवेश, बी.कॉम. की बी.बी.ए., हे सगळं त्यानंतर बघता येतं.